बाई, जरा मागे सरा

या फोटोची कॉपी निघणार नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगून टाकते. कुणाला उगाच आशेवर ठेवायचा माझा स्वभाव नाही. मोबाइलनं काढायला गेलात, पडदा नुसता काळा झाला, म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात ना? तुमच्या मोबाइलचा काही दोष नाही. मी स्वतः पूर्वी तीनदा प्रयत्न केलाय आणि तिन्ही वेळा हात टेकलेत.

बसा हो, उभे काय राहिलात! फोटो असू दे तिथेच, टेबलावर दिव्याखाली. पुढच्या महिन्यात लग्न आहे तुमचं, सासूबाईंचा, म्हणजे मुलीच्या आईचा, एक फोटो आपल्याही घरी असावा असं तुमच्या होणाऱ्या बायकोला वाटतं, आणि तुम्ही ते काम अंगावर घेतलंत. चांगलं केलंत. पण तिनं तुम्हाला या फोटोची गोष्ट सांगितली नसणार, कारण तिलाच ती ठाऊक नाही. तिच्या वडिलांना तर मी शेवटपर्यंत सांगितली नाही. ते गेले आता, त्यांच्या माघारी सांगायला हरकत नाही. आणि तुम्ही घरातलेच होणार आहात.

पंचवीस वर्षं झाली असतील. तेव्हा मी माझ्या काकांच्या फोटो स्टुडिओत कामाला होते. पुढे काउंटर, बाजूला रस्त्याकडे तोंड केलेलं काचेचं शोकेस, त्यात आमच्या हातचे नावाजलेले फोटो, आणि मागे अंधारखोली. काका पुढे बसून गोड बोलायचे, मी मागे बसून रोल धुवायचे. माझ्या नाकावर राग, म्हणून मला शक्यतो गिऱ्हाइकांसमोर आणायचेच नाहीत. रंगीत रोल आम्ही बाहेर पाठवायचो, ब्लॅक-अँड-व्हाइट मात्र सगळं माझ्या हातचं.

हौशी फोटोग्राफर म्हणजे काय चीज असते, ते अंधारखोलीत बसल्यावर कळतं. प्रत्येकाचा सगळ्यात सुंदर फोटो हा हुकलेला असतो! आमचे दातांचे डॉक्टर तीन तास झाडीत दबा धरून बसले, पक्षी समोर येऊन बसला आणि यांना शिंक आली. एक बाई भाच्याच्या लग्नात लेन्सवरचं झाकण न काढता अख्खा रोल मारून आल्या. एकानं तर रोल संपला की नाही ते बघायला भर उन्हात कॅमेऱ्याची पाठ उघडली. आणि मग काउंटरवर उभं राहून, हातवारे करून, न आलेला फोटो आम्हाला सांगायचे. आलेल्या फोटोंबद्दल कुणी एवढं बोलायचं नाही.

या सगळ्यांत वरताण म्हणजे तुमचे सासरे. घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून घड्याळजी. तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू चिमट्यात धरायचा तर हात हलायचा नाही, पण कॅमेऱ्याचं बटण दाबताना नेमका एक सेकंद उशीर. त्यात बायको त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. हे कॅमेरा छातीशी धरणार, तिच्याकडेच बघत बसणार, आणि फोटोत येणार मानेपासून खालचं सगळं. काका त्यांना मागून मुंडीछाट म्हणायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू.

चाळीसेक फोटो तरी मी त्या बाईचे धुतले असतील. खांदे पाहिले, चपला पाहिल्या, हात पाहिले. डाव्या हाताची करंगळी जराशी वाकडी होती, तीही मला पाठ झाली. चेहरा मात्र कधी नाही. ती स्वतः दुकानात कधी आलीच नाही. घरच्यांशी भांडून, चार सह्या करून झालेलं लग्न, त्यामुळे लग्नाचे फोटोसुद्धा घड्याळजींनीच काढलेले. टेबलावर कॅमेरा ठेवून, पळत जाऊन तिच्या शेजारी उभे राहिले. त्यात घड्याळजींची हनुवटी आली होती, आणि बायकोचा खांदा.

एका सकाळी ते धावतपळत आले. बायकोला घेऊन सहलीला निघालेले, तळ्यावर जायचं, बस बाहेर उभी. म्हणाले, "ताई, तेवढा रोल भरून द्या ना, माझ्या हातून बसत नाहीये."

त्या दिवशी माझं काकांशी वाजलं होतं. डोकं फिरलेलं. रोलची जीभ, म्हणजे बाहेर आलेलं टोक, चाकात खोवली, पाठ दाणकन बंद केली. आता, रोल भरल्यावर एक गोष्ट बघायची असते. पुढे सरकवायचा खटका ओढला की डावीकडची लहान चकती फिरली पाहिजे. फिरली, तर फिल्म धरली. नाही फिरली, तर जीभ चाकातून निसटलीय आणि तुम्ही नुसतं बटण दाबत राहणार, फिल्म आहे तिथेच. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक हौशाला मी हे ओरडून ओरडून शिकवलं होतं.

घड्याळजींनी विचारलंसुद्धा, "फिरतंय ना ते?"

मी म्हटलं, "मला शिकवू नका. निघा आता, बस जाईल."

मी बघितलं नव्हतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी ती बाई गेली. ताप आला आणि आठ दिवसांत सगळं संपलं. त्या सहलीचा रोल कॅमेऱ्यातून काढून घड्याळजींनी कपाटात ठेवला, तो दोन वर्षं तसाच. धुवायला द्यायचा धीर होत नव्हता म्हणाले. दोन वर्षांनी घेऊन आले ते मुलीला बरोबर घेऊन. सहा वर्षांची होती तुमची बायको. चिमणी म्हणायचो आम्ही तिला, आणि मला ती फोटोमावशी म्हणायची.

घड्याळजींनी काउंटरवर रोल ठेवला. आणि पोरगी शोकेसपाशी. एकेका फोटोवर बोट ठेवून विचारायची, "बाबा, आई अशी होती?" ते नाही म्हणून मान हलवायचे. मग पुढचा फोटो. "अशी?" मग पुढचा. सगळ्या परक्या बाया हो! कुणी कॉलेजातली मुलगी, कुणी म्हाताऱ्या आजी, कुणी नाटकातली नटी. तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

घड्याळजी हळूच म्हणाले, "ताई, या रोलवर सगळे छत्तीस तिचेच आहेत. छत्तिसांत एक तरी... एक तरी आला असेल ना हो?"

"उद्या संध्याकाळी या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोल धुवायला घेतला. काका पुढे खुर्चीत पेंगत होते. बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न, आणि आत माझा तो लाल दिवा. फिल्म धुऊन दिव्यासमोर धरली. सुरुवातीची जीभ काळी, आणि पुढे काचेसारखी स्वच्छ. एक रेघ नाही. छत्तीसच्या छत्तीस चौकटी कोऱ्या.

मला ती चकती आठवली. "मला शिकवू नका" आठवलं. मी स्टुलावर बसले आणि रडले, सरळ सांगते. एवढ्या लोकांच्या चुकांवर हसले होते आणि ही माझी चूक त्या पोरीच्या वाट्याला आली होती.

मग मनाची समजूत घालायला लागले. म्हटलं, कदाचित फिल्म सरकली असेल, फक्त उजेड कमी पडला असेल. अगदी पुसटशी प्रतिमा डोळ्याला दिसत नाही, पण कडक कागदावर, म्हणजे काळं-पांढरं ठळक करणाऱ्या, कधी कधी उतरते. फिल्म वाळली तशी सहा-सहाच्या सहा पट्ट्या कापल्या, पहिली फोटो मोठा करायच्या यंत्रात घातली, कागद ठेवला, आठ सेकंद उजेड दिला. कोरी फिल्म म्हणजे सगळा उजेड आरपार, कागद पूर्ण काळा व्हायला हवा. झालाही. फक्त मधोमध एक पांढरा ठिपका राहिला, मोहरीएवढा.

धूळ, म्हटलं. फिल्मवर धुळीचा कण असला की असाच ठिपका येतो. ब्रशनं झटकली आणि दुसरी चौकट घेतली. पुन्हा ठिपका. जरा मोठा. तिसरीत आणखी मोठा, आणि उभट.

चौथ्या चौकटीचा कागद मी भिंगाखाली धरला. धूळ नव्हती ती. लांबवर कुणीतरी उभं होतं.

तुमचा चहा थंड होतोय, घ्या.

मी घाबरट नाही हो. एकटीनं अंधारात बसायचा तर माझा धंदाच. पण त्या खोलीत इतकी वर्षं मला एकच वास माहीत होता, औषधांचा, आंबट, घशात बसणारा. त्या दुपारी दुसऱ्या पट्टीपासून वेगळाच वास यायला लागला. ओल्या गवताचा. आणि संत्र्याच्या सालीचा. मी सगळे डबे हुंगले. काही नाही.

मग आवाज. यंत्राचा दिवा लागला की तेवढे आठ सेकंद... पाऊल वाजायचं. गवतातून कुणी सावकाश चालावं तसं, माझ्या पाठीमागून. दिवा विझला की आवाज बंद. मी वळून बघायचे, तर बंद दार आणि टांगलेला माझा अ‍ॅप्रन. पुन्हा दिवा लावला की पुन्हा पावलं. आणि औषधाच्या ट्रेमध्ये कागद हलवला की ती आकृती आधीपेक्षा जवळ आलेली. बारा, तेरा, चौदा... प्रत्येक कागदावर थोडी थोडी पुढे. बाईमाणूस होतं, एवढं आता कळत होतं. सगळीकडे गडद काळं, आणि त्या काळ्यातून ती एकटी चालत येत होती. चेहऱ्याच्या जागी अजून नुसता पुसट डाग.

अठरावा कागद दोरीवर टांगला. माझ्या डोक्यात एकच हिशेब, ही अशीच येत राहिली तर छत्तिसाव्याला कुठे असेल? हात कडीपर्यंत गेला होता माझा. कडी काढली असती, बाहेरचं ऊन आत आलं असतं, कागद खराब झाले असते, आणि मी सुटले असते. "रोल खराब निघाला" एवढं सांगायचं, की संपलं. कुणी मला दोष दिला नसता.

पण ती पोरगी डोळ्यांसमोर आली. शोकेसमधल्या नटीवर बोट ठेवून "आई अशी होती?" विचारणारी. म्हटलं, कोण येतंय ते येऊ दे. आणि कडीवरचा हात काढला.

चोविसाव्याला ती इतकी जवळ आली की डोकं कागदाच्या वर गेलं. पंचविसाव्याला खांदे आणि खाली. सव्विसाव्यालाही तेच, आणखी मोठं. पुढे सगळे तसेच. मुंडकं नसलेली बाई लाल उजेडात ट्रेच्या पाण्याखालून वर येत होती, एकामागून एक.  पस्तिसाव्याला तर कागदभर नुसता मधला भाग, पोटाशी धरलेले दोन हात... आणि मागे पाठीशी, अगदी पाठीशी, पाऊल थांबलं. दिवा विझायच्या आधीच थांबलं या वेळी. मानेवर ओलसर गारवा आला. संत्र्याचा वास तर असा, की हात पुढे केला तर सोललेली फोड लागेल.

वळायची हिंमत नव्हती. मी खाली कागदाकडेच बघत राहिले. आणि त्या हातांवर माझी नजर अडकली. डाव्या हाताची करंगळी जराशी वाकडी.

अहो, चाळीस फोटोंत धुतलेली करंगळी! मी ओळखलं तिला. आणि काय झालं कुणास ठाऊक, माझी भीती गेली आणि मला राग आला. खरंच राग आला. एवढी दोन वर्षांनी आलीय, कुठून कुठून चालत आलीय, एक शेवटची चौकट उरलीय, आणि उभी राहिलीय पुन्हा तशीच! नवऱ्यानं आयुष्यभर जवळून जवळून काढले ना, तिला वाटत असणार फोटो असाच काढतात.

मी ओरडले. "अहो बाई, जरा मागे सरा! किती पुढे येता? मागे व्हा... आणखी मागे... आणि खाली बसा, खाली! मान वर. हं. आता हलायचं नाही."

बाहेरून काकांनी दार वाजवलं. "काय गं, कुणावर खेकसतेयस?"

"गिऱ्हाईक आहे!"

"आत? कधी आलं?"

 शेवटची चौकट लावली, कागद ठेवला, दिवा लावला. या वेळी पावलं वाजली ती दूर जाताना. पाच-सहा पावलं असतील. मग गवत चुरल्यासारखा बारीक आवाज, कुणी खाली बसल्यासारखा. आठ सेकंद झाले. कागद ट्रेमध्ये सोडला आणि जीव मुठीत धरून बघत बसले.

आधी कडा काळ्या झाल्या. मग केस आले. मग कपाळ, नाक, गालावरचा हा तीळ. ओठ मिटलेले, गंभीर. आणि सगळ्यात शेवटी डोळे, थेट लेन्सकडे रोखलेले, "झाला का एकदाचा?" असं विचारणारे. गवतात बसलेली, हात मांडीवर. पूर्ण डोकं, वर चार बोटं जागा सोडून. स्टुडिओत बसवून मी काढला असता तरी इतका नेटका आला नसता.

तो हा फोटो.

दार उघडून दोरीवरचे बाकीचे कागद उजेडात नेले, तर पस्तीसच्या पस्तीस नुसते काळे. ती कुठेच नव्हती. छत्तिसावी चौकट पुन्हा लावून बघितली, काळी. फिल्म तर काचच होती, काकांनीही उजेडात धरून बघितली. अजून आहे माझ्याकडे, हवी तर बघा.

संध्याकाळी ते दोघे आले. मी फोटो काउंटरवर ठेवला. घड्याळजींनी बघितला आणि ते खुर्ची न बघताच बसायला गेले, काकांनी कसंबसं सावरलं.

"हा... हा मी काढला?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. दुपारची कोरी फिल्म त्यांनीही पाहिली होती. मी म्हटलं, "मग काय मी काढला? तुमचाच रोल आहे."

"संत्री खाऊन झाली होती," ते म्हणाले. "ती बसली होती गवतात. मी म्हटलं, इकडे बघ... मला वाटलं हाही हुकला."

"नाही हुकला," मी म्हटलं.

आणि चिमणी? ती रडलीबिडली नाही. फोटो दोन्ही हातांत धरला, बराच वेळ बघितला, एकदा स्वतःच्या गालावर बोट फिरवलं. तिलाही तिथेच तीळ आहे, तुम्ही पाहिलाच असेल. मग शोकेसपाशी गेली आणि त्यातल्या एकेका बाईसमोर फोटो धरून म्हणाली, "ही बघ. ही आहे माझी आई." नटीला सांगितलं, आजींना सांगितलं, कुणाला म्हणून सोडलं नाही. मी मागच्या खोलीत जाऊन तोंड धुऊन आले.

घड्याळजींनी तो फोटो पुढे गावभर मिरवला. दुकानात घड्याळ घेऊन आलेल्या माणसाला आधी फोटो, मग घड्याळ. मुंडीछाट म्हणायचं सगळ्यांनी आपोआप बंद केलं. त्या दोघांच्या घरात हसू परत आलं, हे मी स्वतः पाहिलंय. माझी चूक मी त्यांना कधी सांगितली नाही. सांगायला जायचे, आणि ते माझे आभार मानायला लागायचे, मग मी मूग गिळून गप्प बसायचे.

तर असं आहे. कॉपी का निघत नाही म्हणाल, तर मला वाटतं, ती बाई एकदाच बसली. पुन्हा पुन्हा बसायला तिला वेळ नसेल.

द्या इकडे, निदान नीट पुसून तरी देते. इतक्या वर्षांनी हातात घेतेय. भिंग कुठे गेलं... हं. कागद अजून चांगला आहे. डाग नाही, पिवळा पडलेला नाही. नुसते डोळे तेवढे...

थांबा हं.

मघाशी मी काय म्हटलं तुम्हाला? डोळे थेट लेन्सकडे. हो ना? अहो, हे डोळे मी भिंगाखाली तासभर बघितलेत, माझी चूक व्हायची नाही. आता त्या बाई डावीकडे बघतायत.

डावीकडे तुम्ही बसलाय.

नाही, घाबरू नका. उठा बरं जरा. सावकाश. असे माझ्या मागून जा आणि त्या खिडकीपाशी उभे राहा. बोलू नका. थोडं आणखी उजवीकडे... हं.

आल्या. नजर तुमच्याबरोबर आली.

आता हलू नका हो, तसेच उभे राहा थोडा वेळ. बघू दे त्यांना नीट. एवढी एकच तर मुलगी त्यांची, कुणाच्या घरी जातेय ते बघायला नको? मान जरा वर करा... हं, असं.

अहो... ओठ उघडले त्यांनी. हसतायत.